मक्यातलं अफ्लाटॉक्सिन आणि रुमाल टाकणारी बुरशी

तुर्भेकर

मागच्या आठवड्यात दुधाच्या धाग्यावर अफ्लाटॉक्सिनवरून, म्हणजे बुरशी धान्यात बनवते आणि चाऱ्यातून दुधात उतरतं त्या विषावरून, चांगलीच जुंपली होती. ‘शेतकऱ्यानं वेळेवर औषध मारलं असतं तर बुरशी आलीच नसती’ असं तिथे तिघाचौघांनी ठणकावून लिहिलं. उत्तर द्यायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझं काम धान्य तपासणीचं. वाशीच्या दाणा बाजारात आणि तुर्भ्याच्या गोदामांत पोत्यात नळी खुपसून नमुने काढायचे, ओल मोजायची, प्रयोगशाळेकडे पाठवायचे. कोंबडीखाद्यासाठी येणारा मका हा त्यातला सगळ्यात कटकटीचा माल. ट्रक दिसायला पिवळाधमक, आणि अहवाल येतो तो मर्यादेच्या बाहेरचा. कधी दाणे काळपट दिसतात आणि अहवाल स्वच्छ येतो. हे विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतंच. हजारांत थोडे दाणे विषारी, पण ते इतके जहाल की सगळ्या ट्रकची सरासरी वर नेतात. ते नळीत आले तर माल नापास, नाही आले तर पास. व्यापारी आमच्यावर डाफरतात, त्यात त्यांचीही फार चूक नाही.

विष बनवणारी बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. पिवळट हिरवी, मातीत आणि काडीकचऱ्यावर जगणारी. मका फुलोऱ्यात असताना पावसानं ओढ दिली, ऊन तापलं, की तिचे बीजाणू कणसाच्या केसांवरून आत शिरतात. अळीनं दाणा कोरलेला असेल तर वाट आयतीच मिळते. पुढे नीट न वाळलेला माल गोदामात गेला की राहिलेलं काम तिथे पुरं होतं. आता सांगा, पानांच्या वेष्टनाआड झाकलेल्या कणसात कुठलं बुरशीनाशक पोचणार? आणि मातीतून रोज नवे बीजाणू उडत असताना किती फवारण्या करणार?

ज्यांना हे सगळं ‘परदेशी फॅड’ वाटतं त्यांच्यासाठी: १९७४ साली गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या आदिवासी भागांत काविळीची साथ आली. ३९७ जण आजारी पडले, १०६ गेले. गावातली कुत्रीही पोटात पाणी होऊन मेली. कारण निघालं घरातला मका. अवकाळी पावसात भिजलेला, तसाच साठवलेला. त्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडलं. आज आपल्याकडे धान्याला मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम. चारशे ते हजारपट फरक आहे हा.

यावर जो उपाय खरोखर चालला तो गमतीशीर आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात पीटर कॉटी नावाचे शास्त्रज्ञ कपाशीवर काम करत होते. तिथली सरकी दुभत्या गायींना जायची आणि विष दुधात उतरायचं. त्यांच्या लक्षात आलं, की शेतातल्या फ्लेव्हस बुरशीतल्या काही जाती जन्मतःच विष बनवू शकत नाहीत. बाकी सगळं तेच: तेच खाणं, तीच वाढ, तेच हवामान. मग विषारी बुरशी मारायच्या भानगडीत न पडता या बिनविषारी भावंडांना तिच्याआधी शेतात पोचवलं तर? एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. मागून येणाऱ्या विषारी बाईंना उभं राहावं लागतं.

त्यातून ‘एएफ ३६’ हे शेतात टाकायचं बिनविषारी बुरशीचं उत्पादन आलं. २००३ मध्ये अमेरिकेत त्याची नोंदणी झाली. त्यानंतर भुईमूग आणि मक्यासाठी ‘अफ्लागार्ड’. आफ्रिकेत नायजेरियाच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेनं ‘अफ्लासेफ’ बनवलं आणि त्यामागचं मुख्य नाव आहे रणजित बंद्योपाध्याय, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेत ज्वारीच्या रोगांवर वर्षानुवर्षं काम केलेले. म्हणूनच की काय, अफ्लासेफचं वाहन ज्वारीच आहे. दाणे उष्णता देऊन मारायचे म्हणजे उगवणार नाहीत, त्यावर चार बिनविषारी वाणांचे बीजाणू चढवायचे, आणि ओळखू यावं म्हणून निळा रंग. एकरी ४ किलो, फुलोऱ्याच्या दोनतीन आठवडे आधी, वाफसा असताना हातानं फेकायचे. बस. ना पंप, ना पाणी. ओल लागली की बुरशी ज्वारी खाऊन वाढते आणि बीजाणू कणसांपर्यंत उडतात. आफ्रिकेतल्या शेतांवर अफ्लाटॉक्सिन ८० टक्क्यांहून जास्त घटल्याचं पुन्हा पुन्हा दिसलंय.

माझं म्हणणं एवढंच, की हा रोग रोखायचं खरं काम फुलोऱ्याआधीच्या त्या दोनतीन आठवड्यांत आहे. वाशीत माल उतरल्यावर आम्ही फक्त निवाडा करतो. आणि बाजार पैसे कशाचे देतो? ओल किती, तुकडा किती, दाणा किती भरलेला. विष कमी असलेल्या मक्याला चार पैसे जास्त मिळतात असं मी तरी कुठल्या लिलावात पाहिलं नाही. मग शेतकऱ्यानं रुमाल कशाला टाकावा?

कोपरीकर_अण्णा

लेख चांगला आहे, पण मला भीती वाटली. बुरशी घालवायला बुरशीच सोडायची! आपल्याकडे असे प्रयोग कमी झालेत का? उद्या ही बिनविषारी आणि ती विषारी एकत्र नांदल्या आणि तिसरंच काही जन्माला आलं तर जबाबदार कोण? आमच्या लहानपणी ठाण्याच्या खाडीत कारखान्यांचं काय काय सोडलं, तेव्हाही ‘काही होत नाही’ असंच सांगत होते.

सह्यवेडा

वाचनखूण साठवली. रुमालाला +१.

कवकवेडी

अण्णा, तुमची शंका या क्षेत्रातल्या लोकांचीही आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. (ऐरोलीत राहते, कवकशास्त्रात एमएस्सी, हल्ली दुसऱ्याच नोकरीत.)

एक तर ही बाहेरून आणलेली बुरशी नाही. अफ्लासेफमध्ये प्रत्येक देशाच्या मातीतलेच वाण वापरतात. नायजेरियाचे वेगळे, केनियाचे वेगळे. शेतात ती आधीपासून असतेच, फक्त अल्पसंख्य. आपण तिची संख्या वाढवतो. उद्या भारतात करायचं तर भारतीय मातीतूनच वाण शोधावे लागतील, डबा आयात करून चालणार नाही.

दुसरं, बिनविषारी असणं सगळ्यांचं सारखं नसतं. विष बनवण्याची यंत्रणा म्हणजे एकामागे एक लागलेल्या पंचवीसेक जनुकांची साखळी. एएफ ३६ मध्ये त्यातल्या अगदी सुरुवातीच्या जनुकात एका अक्षराचा फरक पडलाय, त्यामुळे काम पहिल्याच पायरीवर थांबतं. अफ्लागार्डमधल्या वाणात ही सगळी साखळीच गळून गेली आहे. एएफ ३६ सायक्लोपियाझोनिक आम्ल नावाचं दुसरं एक विष बनवू शकते. अफ्लागार्डची बुरशी तेही बनवत नाही. त्यामुळे वाण निवडताना नुसतं ‘अफ्लाटॉक्सिन बनवत नाही’ एवढ्यावर भागत नाही.

तिसरं, तुमचं ‘तिसरंच काही’. अनेक वर्षं समजूत होती की फ्लेव्हसमध्ये लैंगिक पुनरुत्पादन होतच नाही. २००९ मध्ये ते प्रयोगशाळेत दिसलं. तेव्हापासून हा प्रश्न गंभीरपणे विचारला जातो, की मिलनातून विषाची साखळी पुन्हा जुळेल का. एकाऐवजी चार वाण एकत्र वापरणं, आणि त्या परिसरात मुळातच टिकून असलेली बिनविषारी कुळं निवडणं, ही त्यावरची खबरदारी. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण आज त्याच शेतात विषारी बुरशी बहुसंख्य आहे आणि तिचं धान्य लोक खातायत, हेही त्याच तराजूत घालायला हवं.

देशावरचा_पाहुणा

गाव बार्शीकडे, मुक्काम घणसोली. मक्याचं माहीत नाही, ज्वारीचं सांगतो. खरिपाची संकरित ज्वारी दाण्यात आली आणि परतीचा पाऊस लागला की कणसं काळी पडायची. ती काळी ज्वारी मातीमोल भावानं जायची, नाहीतर जनावरांना. रब्बीच्या मालदांडीला हा ताप नाही, दाणा भरतो तेव्हा आभाळ कोरडं असतं. आमच्याकडे खरिपाची ज्वारी मागे पडून सोयाबीन आलं, त्याला भाव हे कारण खरंच, पण ही काळी ज्वारीही आहे.

बाजरीच्या अरगट या बुरशीरोगावर आजोबा मिठाच्या पाण्यात बी घालायचे. वीस टक्के मीठ, तरंगेल ते काढून जाळायचं, खालचं बी धुऊन सावलीत वाळवायचं. कृषी खात्याच्या पत्रकातही हेच असतं. यात जैविक काही नाही, पण खर्चही नाही.

कवकवेडी

@देशावरचा_पाहुणा, काळ्या ज्वारीबद्दल महत्त्वाचं लिहिलंत. ती बुरशी एक नसते, फ्युजेरियम, कर्व्ह्युलेरिया अशी टोळी असते. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसानं भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाबांचा त्रास झाला होता. २७ गावांत नोंद झाली. धान्यात फ्युमोनिसिन सापडलं, जे फ्युजेरियमचं विष आहे.

इथे रुमालाची मर्यादा लक्षात येते. फ्लेव्हसची बिनविषारी भावंडं फ्लेव्हसचीच जागा अडवतात. फ्युजेरियमचं त्यांना काही सोयरसुतक नाही. मक्यातली फ्युजेरियम तर बऱ्याचदा बियाण्यापासूनच झाडाच्या आत राहते, काही लक्षण न दाखवता. तिथे झाडात मुरून राहणारे बॅसिलससारखे जिवाणू वापरायचे प्रयत्न आहेत, पण शेतावर अफ्लासेफइतका भरवशाचा निकाल नाही.

गव्हाच्या ओंबीवरच्या फ्युजेरियमचंही तेच. युरोप, अमेरिका, चीनमध्ये तो मोठा रोग. डॉन नावाचं विष गव्हात उतरतं आणि खाणाऱ्याला उलट्या होतात. आपल्याकडेही त्याला मर्यादा आहे, किलोमागे १००० मायक्रोग्रॅम. गहू फुलतो ते चारसहा दिवस पाऊस पडला तरच हा जोर धरतो, म्हणून महाराष्ट्रातल्या कोरड्या रब्बीत त्याचं नाव फारसं ऐकू येत नाही. त्यावर बॅसिलस, स्युडोमोनास या जिवाणूंच्या फवारण्या झाल्या. थोडा फायदा होतो, पण पाऊस जोरात असला की त्या कमी पडतात. क्लोनोस्टॅकिस रोझिया नावाची एक बुरशी मात्र मला फार आवडते. ती फ्युजेरियमवर चढून तिला खाते आणि तिचं झिअरालेनोन हे विष विकरानं तोडूनही टाकते. हे विष डुकरिणींच्या गाभ राहण्यात बिघाड करतं, त्यामुळे पशुखाद्यवाल्यांना त्याची धास्ती असते.

तांबेऱ्यावर मात्र जैविक फवारण्यांच्या नादी कुणी लागू नये. तिथे प्रतिकारक वाणच हवा.

शहापूरकर

आम्ही भातवाले. मका इकडे कोण घेतो. पण ट्रायकोडर्मा या बियाण्याला लावायच्या मित्र बुरशीचा विषय निघालाच आहे (निघाला नसेल तर मी काढतो) तर विचारतो. तीन हंगाम बियाण्याला लावतोय. एका वर्षी रोपं बघत राहावी अशी, पुढच्या वर्षी शून्य फरक. दुकानदार म्हणतो कंपनी बदला. करपा आला तो आलाच. हे सगळं कागदावरच चालतं का?

तुर्भेकर

@शहापूरकर, पाकिटावरची तारीख आणि दुकानाचा पत्रा दोन्ही बघितलेत का? ट्रायकोडर्मा जिवंत असतं. एप्रिल मे मध्ये पत्र्याखाली तापलेल्या खोक्यात ते किती जगेल? नियमाप्रमाणे ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत बीजाणू असायला हवेत. पाकिटावर छापलेले असतात, आत असतातच असं नाही.

कवकवेडी

त्यात भर घालते. बियाण्याला आधी कार्बेन्डाझिम लावून त्यावरच ट्रायकोडर्मा चोळलं का? पुष्कळ जण ‘डबल संरक्षण’ म्हणून तसं करतात. कार्बेन्डाझिम बुरशीनाशक आहे आणि ट्रायकोडर्मा बुरशी, त्यामुळे पहिल्यानं दुसऱ्याचा निकाल लागतो.

आणि अपेक्षा कुठली ठेवायची तेही बघा. ट्रायकोडर्मा मातीतल्या शत्रूंसाठी आहे: रोपं कोलमडणं, मुळं कुजणं. फार तर पर्णकोष करपा, कारण त्याची बुरशी जमिनीत गाठी करून राहते. तुम्ही म्हणताय तो पानावरचा करपा हवेतून येतो. बियाण्याला लावलेलं ट्रायकोडर्मा त्याला कसं अडवणार? त्याच्यासाठी स्युडोमोनास फ्लुरोसेन्स जास्त उपयोगी. बियाण्याला किलोमागे १० ग्रॅम लावतात आणि पुढे फवारतात. ते मुळांवर वसतं, बुरशीला मारक द्रव्यं सोडतं आणि रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतं. तरीही युरियाचा हात सैल सोडला असेल तर करप्यापुढे कुणाचंच चालत नाही.

जाता जाता एक अवांतर. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गव्हाच्या मुळकुजीवर एक विचित्र गोष्ट दिसली. त्याच शेतात गव्हावर गहू घेत राहिलं की आधी रोग वाढतो, पुढे काही वर्षांनी आपोआप उतरतो. कारण मातीत त्या रोगाच्या बुरशीला मारणारे स्युडोमोनास हळूहळू वाढलेले असतात. फेरपालट करा असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला हे पचायला जड जातं. मलाही गेलं.

मेघना_घोडबंदर

इतकं शास्त्र वाचून मला एकच कळलं, की घरचं धान्य भरोशाचं नाही. 😐 पावसाळ्यात आमच्या घरी कपाटाच्या मागच्या भिंतीलाच बुरशी येते, डब्यातल्या ज्वारीचं काय सांगावं. ऑनलाइन एक जांभळ्या प्रकाशाची विजेरी मिळते, ‘दाण्यावर मारा, चमकला तर विष’. घेऊ का? आणि भाकरी खरपूस भाजली तर विष जातं ना?

तुर्भेकर

मेघनाताई, विजेरीचे पैसे वाचवा. मक्याचे तुकडे हिरवट पिवळे चमकतात, पण ती चमक कोजिक आम्लापासून येते. बुरशी तिथे होती, एवढंच त्यातून कळतं. विष आहे की नाही ते कळत नाही, किती आहे ते तर नाहीच. चमक नसलेला माल आमच्याकडे नापास झालाय आणि चमकणारा पासही.

भाजण्याचं उत्तर नाही असंच आहे. अफ्लाटॉक्सिन मोडायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. भाकरीच्या आतल्या पिठाला शंभराच्या वर जायला जमत नाही.

घरी करण्यासारखं म्हणजे निवडणं. विष थोड्याच दाण्यांत साठलेलं असतं असं वर लिहिलंय, तेच इथे आपल्या कामी येतं. काळे, सुरकुतलेले, किडके, फुटके दाणे काढले तर बराच भाग निघून जातो. शेंगदाण्याला तर हे नक्की लागू. कडू लागलेला दाणा थुंकून टाका, चावून संपवू नका. आणि ठाण्याच्या जुलैत वर्षाचं धान्य भरून ठेवण्यात काही अर्थ नाही. चार महिने थोडं थोडं आणा. भरायचंच असेल तर मे महिन्यात कडकडीत ऊन दाखवून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात. गरम असताना झाकण लावलं की आत घाम धरतो.

कोपरीकर_अण्णा

आमच्या गल्लीत तबेल्याचं दूध येतं. म्हशीला सरकी पेंड. पेंडीत विष असेल तर दुधात किती येतं?

कवकवेडी

पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिन बी १ चा (हे त्याचं खाद्यातलं रूप) साधारण १ ते ३ टक्के भाग दुधात एम १ या रूपात उतरतो, जास्त दूध देणाऱ्या जनावरात थोडा जास्तच. खाद्य बदललं की तीनचार दिवसांत दूध बऱ्यापैकी स्वच्छ होतं. २०१८ च्या एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) देशभरच्या दूध पाहणीत ६४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत एम १ मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं. भेसळीचे नमुने त्यापेक्षा कितीतरी कमी होते. आपण मात्र युरिया आणि डिटर्जंटच शोधत बसतो. तबेलेवाल्याला विचारायचंच असेल तर पेंड कुठे ठेवतोस, भिजते का, एवढं विचारा.

देशावरचा_पाहुणा

@तुर्भेकर, पैशाच्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही. एकरी ४ किलो निळी ज्वारी समजा मिळायला लागली. माझा चुलतभाऊ ती विकत घेईल का? नाही घेणार. त्याचं पीक डोळ्याला तसंच दिसणार, उतारा तोच येणार, आडत्या भाव तोच देणार. पीक वाचलेलं दिसतं म्हणून माणूस औषध घेतो. विष न झालेलं दिसत नाही.

तुर्भेकर

अगदी हेच. नायजेरियात त्यासाठी एक योजना केली होती: अफ्लासेफ वापरलेला मका विकला की टनामागे वरचं बक्षीस. त्यानंतर छोटे शेतकरी गटानं घ्यायला लागले, कोंबडीखाद्यवाले स्वतःहून करार करायला आले. आपल्याकडे हे सरकारपेक्षा खाद्य कारखानेच आधी करतील असं मला वाटतं, कारण पिल्लं मेली की त्यांचा तोटा लगेच आकड्यात दिसतो. खरेदीच्या अटींत ओलीशेजारी विषाची ओळ आली आणि तिला दर लागला, तर तुमचा चुलतभाऊ पुढच्या हंगामात विचारायला येईल. शेजारच्या शेताला तर फुकटात फायदा, बीजाणू बांध बघून थांबत नाहीत. त्यामुळे एकट्यादुकट्यानं करण्यापेक्षा शेतकरी कंपनीनं सलग शिवारावर करणं जास्त परवडेल.

शहापूरकर

तारीख बघितली. पाकीट गेल्या वर्षीचं आहे. 😀 या वेळी स्युडोमोनास घेतो, पण दुकानातून नाही, आधी कर्जतच्या भात केंद्रात विचारून येतो. कवकवेडी ताई, बियाणं मिठाच्या पाण्यातून काढून मग लावायचं की आधी? आणि लावल्यावर किती वेळ ठेवायचं?

कवकवेडी

आधी मिठाचं पाणी, पोचट बी काढून टाका. मग साध्या पाण्यानं दोनतीनदा धुवा, मीठ राहिलं तर जिवाणूंना सोसत नाही. स्युडोमोनास त्यानंतर, सगळ्यात शेवटी. सावलीत अर्धा तास सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. रोपं उपटल्यावर लावणीआधी मुळं त्याच्या द्रावणात बुडवता आली तर आणखी चांगलं. आणि कर्जतला जाताय तर आभासमय काजळी या भाताच्या रोगाचंही विचारा, गेल्या वर्षी मुरबाडकडच्या एकांनी लोंब्यांवरच्या पिवळ्या गोळ्यांचे फोटो पाठवले होते. त्यावर पोटरीच्या वेळेला काय सुचवतात ते इथे लिहा.